चर्चच्या ग्रुपसोबत दहा दिवस मलावीत मेडिकल मिशनला जातेय, सल्ला हवाय (परत आल्यावरचा अपडेट खाली टाकलाय)

पानगळ

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर आमच्या चर्चचा ग्रुप जुलैत मलावीला मेडिकल मिशनला निघालाय. दहा दिवस, त्यातले तीन येण्याजाण्यात, एक रविवार, म्हणजे दवाखान्याचे दिवस धरले तर सहाच. अठरा जण आहोत, चार डॉक्टर, एक डेंटिस्ट, पाच नर्सेस आणि उरलेले आठ माझ्यासारखे हौशेनवशे. मी अकाउंट्सवाली, रक्त बघितलं तरी खुर्ची शोधते. पाळकसाहेबांनी मला फार्मसीच्या टेबलावर टाकलंय, का तर म्हणे "तुला मोजायची सवय आहे". चिठ्ठी बघायची, गोळ्या मोजायच्या, पिशवीत भरायच्या आणि कशा घ्यायच्या ते दुभाष्यामार्फत सांगायचं.

जागा मांगोची जिल्ह्यात आहे, लेक मलावीच्या दक्षिण टोकाकडे, एका मिशनच्या छोट्या हेल्थ सेंटरला लागून. दुसऱ्या टेबलवर प्रार्थना असणार आहे, ज्यांना हवी त्यांच्यासाठी.

लसी कुठल्या, मलेरियाच्या गोळ्या कुठल्या, सोबत काय न्यायचं हे विचारायचंच आहे. पण खरा प्रश्न वेगळा आहे. माझी नणंद परवा हसत हसत म्हणाली, "म्हणजे फोटो काढायला चाललीयेस." तेव्हा मीही हसले, पण ते डोक्यातून जात नाहीये. सहा दिवसात खरंच कुणाचं काही भलं होतं का? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी लिहा, गोड लिहायची गरज नाही.

उगाचच

बरोब्बर जागी आलात. इथे गोड लिहिणाऱ्यांचं सदस्यत्व रद्द होतं. (ह.घ्या.)

निवांत_वैद्य

आधी तुमच्या तब्येतीचं, कारण तिथे जाऊन तुम्हीच आडव्या पडलात तर त्या सेंटरला एक पेशंट वाढतो. ट्रॅव्हल क्लिनिकला निदान सहा आठवडे आधी जा. हिपॅटायटिस ए आणि बी, टायफॉइड, टिटॅनस बघून घ्या. यलो फीव्हरचा मलावीत धोका नाही, पण तुमचं विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जाणार असेल आणि तिथे बारा तासांहून जास्त थांबणं होत असेल तर सर्टिफिकेट मागू शकतात, तेव्हा तिकिटाचा लेओव्हर बघून दूतावासाकडून खात्री करा. ती लस घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

मलेरिया: जुलै तिथला कोरडा थंड महिना, पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे डास कमी असतील, पण लेकच्या काठाला कमी म्हणजे शून्य नव्हे. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर जायच्या एकदोन दिवस आधीपासून परत आल्यावर सात दिवस. डॉक्सीसायक्लिन असेल तर परत आल्यावर चार आठवडे, आणि लोक नेमके इथेच ढेपाळतात, घरी आलं की गोळ्या बंद. डॉक्सीवर ऊन बाधतं हेही लक्षात ठेवा.

आणि नर्सेसना सांगा, सुई टोचली तर काय करायचं ते निघायच्या आधी ठरवा, टोचल्यावर नाही. एचआयव्हीची पीईपी (लागण टाळण्यासाठी सुई टोचल्यावर घ्यायची औषधं) ७२ तासांच्या आत सुरू करावी लागते, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस घ्यावी लागते. औषध कुणाच्या बॅगेत आहे हे अठराही जणांना माहीत हवं.

डॉक्टर-नर्सेसचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन झालंय का? मेडिकल काउन्सिल ऑफ मलावी आणि नर्सेसचं वेगळं काउन्सिल आहे. "चर्चचं काम आहे, कोण विचारतंय" हे उत्तर आलं तर मी तरी जाणार नाही.

गोळीबार

फार्मसीत पंचवीस वर्षं झाली, आयडी त्यावरूनच आहे, राजकारणाशी संबंध नाही.

पानगळ, तुमच्या टेबलाला कमी समजू नका. कॅम्पमध्ये डॉक्टर चुकला तर ती चूक पकडायची शेवटची जागा तुमचं टेबल, तुमच्यानंतर थेट तोंड. त्यामुळे एक सांगतो, टेबलवर एक तरी खरा फार्मासिस्ट किंवा नर्स असल्याशिवाय पिशव्या वाटू नका, तुम्ही मोजा, दुसऱ्याने बघावं, मग द्यावं. गोळ्या ट्रेवर पाच-पाचने सरकवत मोजा, बोटाने नाही, आणि एका वेळी टेबलवर एकच डबा उघडा. दोन पांढऱ्या गोल गोळ्यांचे डबे शेजारी उघडे ठेवणं म्हणजे अपघाताला आवतण.

पिशवीवर सूर्य-चंद्र काढायची पद्धत सगळीकडे आहे. काढा, पण त्यावर विसंबू नका. पेशंटला म्हणा, आता तुम्ही मला सांगा ही कशी घ्यायची. दुभाष्याने "कळलं का" विचारलं की जगात कुठेही माणूस "हो"च म्हणतो.

औषधं नेताना: जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं १९९६ पासून आहेत, २०१० मध्ये सुधारली, आणि त्यात साध्या साध्या गोष्टी आहेत. पोचताना निदान एक वर्षाची एक्स्पायरी शिल्लक हवी, लोकांनी परत केलेली औषधं आणि डॉक्टरांकडची फुकट सँपल चालणार नाहीत, आणि औषध त्या देशाच्या यादीतलं हवं. तुमच्या मंडळीतल्या आजी घरातल्या उरलेल्या गोळ्यांची पिशवी प्रेमाने आणून देतील. प्रेमाने घ्या, आणि इथेच टाकून द्या.

लहान मुलांची अँटिबायोटिकची पावडरवाली बाटली शक्यतो टाळा. त्यात उकळून गार केलेलं पाणी नेमक्या रेघेपर्यंत घालायचं असतं आणि एकदा मिसळलं की एकदोन आठवडेच टिकतं, काहींना तर फ्रिज लागतो. पाण्यात विरघळणाऱ्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या मिळतात, त्या न्या.

शंकासुर

मी बॉयलरवाला माणूस, औषधातलं कळत नाही, हिशोबातलं कळतं. अठरा विमानतिकिटं, हॉटेल, व्हिसा, सगळ्याची बेरीज करा आणि त्या सेंटरला विचारा की या पैशात तिथली नर्स किती वर्षं ठेवता येईल. धागाकर्ती स्वतः अकाउंट्समध्ये आहेत तेव्हा ही बेरीज त्यांनीच करावी अशी नम्र विनंती.

दुसरं म्हणजे "चांगल्या मनाने केलं" हे कारण मला पुरत नाही. २०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला, त्यानंतर चर्चच्याच एका गटातल्या दहा अमेरिकनांना ३३ मुलं कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेताना पकडलं होतं, अनाथ म्हणून नेत होते आणि आईबाप जिवंत निघाले. युगांडात जिंजाला एक मिशनरी तरुणी वैद्यकीय शिक्षण नसताना कुपोषित मुलांचं केंद्र चालवायची, २०१९ मध्ये दोन आयांनी कोर्टात खेचलं, २०२० मध्ये दोष मान्य न करता पैसे देऊन तडजोड झाली. या दोन्ही ठिकाणी मन चांगलंच होतं की हो.

उगाचच

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चिकटपट्टी

शंकासुर, तुमचं म्हणणं निम्मं पटलं. मी नर्स आहे, मध्य अमेरिकेत अशा दोन ट्रिपा केल्यात आणि दुसरीनंतर थांबले, का ते सांगते.

पहिल्या ट्रिपला आम्ही डायबेटिसचं स्क्रीनिंग केलं, खूप कौतुक झालं. निघताना ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांचे तीन डबे तिथल्या बाईंना भेट दिले, फोटो काढला, टाळ्या वाजल्या. पुढच्या वर्षी गेलो तर मीटर कपाटात, पट्ट्या दोन महिन्यात संपलेल्या, आणि त्या कंपनीच्या पट्ट्या त्या देशात मिळतच नव्हत्या. त्या बाई मला काही बोलल्या नाहीत, फक्त कपाट उघडून दाखवलं. मला अजून ते कपाट दिसतं.

त्याहून वाईट बीपीचं. बीपी १९० वर असलेल्या माणसाला तीस गोळ्या द्यायच्या आणि टाटा करायचा. एकतिसाव्या दिवशी काय? त्याला वाटतं आपण बरे झालो, कारण परदेशी डॉक्टरने दिलेलं औषध पूर्ण संपवलं ना! आम्ही कुठेही काही लिहून ठेवलं नव्हतं, आमच्या वहीत होतं, आणि वही आमच्यासोबत विमानात बसून परत आली.

तरी मी "जाऊच नका" म्हणणार नाही. पानगळ, ग्रुपला एवढंच विचार की तुम्ही परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेशंट कोणाकडे जाणार आहे. नाव सांगता आलं तर जा.

दूरदेशी

वा, मलावीचा धागा! ब्लँटायरमध्ये तीन वर्षं काढलीत, जरा लांबड लावतो.

चिकटपट्टी म्हणतात ते नाव मलावीत सांगता येतं हीच तिथली गंमत आहे. तिथे पेशंट स्वतःचं रेकॉर्ड स्वतःकडे ठेवतो, हेल्थ पासपोर्ट म्हणतात त्याला, छोटी वहीच. बाया ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चितेंजेच्या घडीत खोचून आणतात. (चितेंजे म्हणजे ते रंगीत कापड, त्यात कंबरही गुंडाळतात आणि पोरही पाठीला बांधतात.) त्यात वजन, लसी, मलेरियाची टेस्ट, आधीची औषधं, सगळं असतं. तुमच्या डॉक्टरांनी आपले छापील फॉर्म न्यायच्या ऐवजी त्या वहीत लिहावं, औषधाचं जेनेरिक नाव, डोस, किती दिवस, आणि खाली वाचता येईल अशी सही. हे एक केलंत तरी निम्मं काम झालं.

दुसरं, तिथला कणा क्लिनिकल ऑफिसर. तीन वर्षांचं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, आणि मग सिझेरियनपासून हाडं बसवण्यापर्यंत सगळं हाच करतो. तुमचे स्पेशालिस्ट त्याला "असिस्टंट" समजतील, तसं होऊ देऊ नका. मलेरिया त्याने जितका बघितलाय तितका तुमच्या चारही डॉक्टरांनी मिळून पुस्तकातही बघितला नसेल. तिथली मलेरियाची गोळी आर्टिमेथर-लुमेफँट्रिन, सगळे नुसतं "एलए" म्हणतात, तीन दिवसात सहा डोस, दुसरा डोस पहिल्यानंतर आठ तासांनी, आणि पोटात काही स्निग्ध असेल तर नीट लागू पडते.

भाषा: चिचेवात "मलुंगो" म्हणजे मलेरिया, पण साध्या तापालाही लोक मलुंगोच म्हणतात. पेशंट म्हणाला मलुंगो आणि दुभाष्याने मलेरिया सांगितलं की गोळ्या गेल्याच. आधी टेस्ट करा. मांगोचीत तर याओ लोक जास्त, त्यातले बरेच मुस्लिम, आजीला चियाओच येत असेल तर तुमचं वाक्य दोन उड्या मारून पोचणार.

आणि लेकमध्ये पोहू नका!! पाणी काचेसारखं दिसतं आणि त्यात बिलहार्झिया असतो, म्हणजे कातडीतून अंगात शिरणारा परजीवी.

अवांतर: याच जिल्ह्यात केप मॅक्लिअरला १८७५ मध्ये स्कॉटिश मिशन उतरलं होतं. मलेरियाने इतके जण गेले की सहा वर्षांत तिथून गाशा गुंडाळून उत्तरेला बंडावेला जावं लागलं, कबरी अजून आहेत. त्यांच्यातले डॉक्टर रॉबर्ट लॉज १९२७ पर्यंत त्या देशात राहिले, बावन्न वर्षं. तुमच्या सहा दिवसांशी तुलना करत नाहीये, पण कबरी बघायला वेळ काढा.

सडेतोड_

एवढं सगळं गोडगोड बोलताय पण मूळ मुद्दा कोणीच बोलत नाही. औषधाच्या आडून धर्म विकायचा. प्रार्थनेचं टेबल कशाला हवं दवाखान्यात?

पानगळ

सडेतोड, मी ख्रिस्ती आहे आणि प्रार्थना माझ्यासाठी विकायची वस्तू नाही. आई आयसीयूत होती तेव्हा चर्चमधल्या बायका रात्रभर बाहेर बसून प्रार्थना करत होत्या, त्या प्रार्थनेने मला काय दिलं ते मी इथे सांगत बसणार नाही. जबरदस्ती कोणावरही नाही.

दूरदेशी

मलावी मुळात ख्रिस्ती बहुसंख्य आहे, २०१८ च्या जनगणनेत सत्त्याहत्तर टक्क्यांच्या आसपास. तिथली चर्चची हॉस्पिटलं आणि दवाखाने एका संघटनेत आहेत, १९६६ पासून, आणि खेड्यांमधला मोठा भार तेच उचलतात. त्यामुळे चर्च आणि दवाखाना एकत्र दिसणं तिथे कोणाला खटकत नाही. पण मांगोचीचं वेगळं आहे, तिथे सडेतोड यांचा प्रश्न टोन सोडून दिला तर बरोबर आहे.

सडेतोड_

टोन सोडून दिला तर म्हणजे? सरळ सांगा ना की

व्यवस्थापक

धर्मांतरावरचे पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत. त्या विषयाचा स्वतंत्र धागा आहे, तिथे भांडा. इथे दवाखान्याबद्दल बोला.

चिकटपट्टी

मी एवढंच सांगते, टेबल असू दे, पण औषध हातात पडल्यानंतर असू दे, आणि जाणाऱ्याला तिथे न थांबता निघून जाता येईल अशा जागी असू दे. रांगेतल्या माणसाची "हो" ही हो नसते.

पानगळ

सगळ्यांचे मनापासून आभार. शंकासुर, बेरीज केली. आकडा इथे टाकत नाही, लाज वाटली. मीटिंगमध्ये मांडला तर एक काका म्हणाले की लोक तिकिटाला पैसे देतात, नर्सच्या पगाराला देत नाहीत, आणि हेही खरंच आहे. चिकटपट्टीताई, तुमचा प्रश्न विचारला, नाव मिळालं. तिथले क्लिनिकल ऑफिसर. त्यांना आम्ही पहिल्यांदाच थेट ईमेल केला, आतापर्यंत सगळं आमच्या मिशन कमिटीमार्फतच चाललं होतं. उत्तरात त्यांनी औषधांची यादी पाठवली, आम्ही गोळा केलेल्यातलं निम्मं त्यात नाहीच. डॉक्टरांची रजिस्ट्रेशन्स झाली. आजींची पिशवी आली होती, प्रेमाने घेतली.

गोळीबार

😄 शुभेच्छा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पानगळ

परत आले मंडळी. महिना होऊन गेला, लिहायला बसवत नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही सातला पोचलो तर रांग आधीच कडुनिंबाच्या झाडाच्या पलीकडे गेलेली. लोक अंधारात चालत निघालेले. आमचे डॉक्टर स्टेथोस्कोप अडकवून तयार, आणि तिथल्या क्लिनिकल ऑफिसरांनी (यापुढे साहेब म्हणते) शांतपणे सांगितलं की दुपारपर्यंत बसा आणि बघा. आमच्यातल्या एका सर्जनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण बसले. आणि बघताना कळलं की साहेब प्रत्येकाची वही आधी मागच्या पानापासून वाचतात, मग माणसाकडे बघतात.

दुपारी मी टेबलवर बसले आणि तिसऱ्या-चौथ्या पेशंटची वही हातात आली. पन्नाशीच्या बाई, वहीचे कोपरे गोल झालेले. मागच्या वर्षीचं एक पान होतं, आमच्यासारख्याच कुठल्यातरी ग्रुपने लिहिलेलं. तारीख, आणि खाली इंग्रजीत एकच ओळ, औषधं दिली, देव तुमचं भलं करो. बास. कुठलं औषध, किती, कशासाठी, कोणी दिलं, काही नाही. बाजूला एक हसरा चेहरा काढलेला. मी ती ओळ दोनदा वाचली, दूरदेशींचं वाचून गेले नसते तर मला त्यात काही चुकलंय हेसुद्धा कळलं नसतं. त्या बाईंचं बीपी त्या दिवशी २१० वर ११८, पाच मिनिटं बसवून परत घेतलं तरी तेवढंच.

आमच्या डॉक्टरांकडे एक छान गोळी होती, दोन औषधं एकात, दिवसातून एकदा. साहेब म्हणाले ती माझ्याकडे पुढच्या महिन्यात नसेल. मग त्यांच्याकडे नेहमी येणारं साधं हायड्रोक्लोरोथायझाइड आणि सोबत अम्लोडिपिन सुरू केलं, डॉक्टरांनी वहीत नीट लिहिलं, पुढची तारीख साहेबांनी स्वतःच्या अक्षरात घातली. मी गोळ्या मोजल्या, सिस्टरने तपासल्या. मग म्हटलं आता तुम्ही मला सांगा कशी घ्यायची. माझं वाक्य चिचेवात गेलं, मग शेजारच्या मुलीने चियाओत केलं, बाई बराच वेळ बोलल्या, हातवारे केले, हसल्या, परत बोलल्या, आणि दुभाष्याने मला सांगितलं, "सकाळी." मी म्हटलं एवढंच? तर म्हणाला, बाकीचं तुमच्या कानातल्यांबद्दल होतं.

बिलहार्झियाच्या गोळ्या उंचीवरून द्यायची खूण केलेली काठी तिथे होती, पोराला काठीला उभं करायचं आणि डोक्याजवळचा आकडा वाचायचा. मी अकाउंट्सवाली त्या काठीच्या प्रेमात पडले. आम्ही जंताच्या गोळ्यांचे डबेच्या डबे नेले होते, तर शाळांमधून नुकत्याच देऊन झालेल्या. साहेबांनी डबे स्टोअरमध्ये ठेवून घेतले, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून असावं.

डेंटिस्ट मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत मान वर करू शकला नाही. दाताला उद्या कोण बघणार हा प्रश्नच नसतो, दात बाहेर आला की संपलं. तिसऱ्या दिवशी लाईट गेली, मग कोळशाच्या शेगडीवर ठेवायचा जुना ऑटोक्लेव्ह (हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं भांडं) काढला, त्याच्या झाकणातून वाफ गळत होती आणि १२१ डिग्रीपर्यंत काटा चढेचना. एक सिस्टर ओला फडका दाबून उभी होती झाकणापाशी. दोन तास दात काढणं बंद.

प्रार्थनेचं टेबल. पहिल्या दिवशी ते आमच्याच लोकांनी नोंदणी आणि तपासणीच्या मध्ये मांडलं होतं, जागा सावलीची म्हणून. सगळे थांबत होते, डोक्यावर टोपी घातलेले म्हातारे आजोबासुद्धा. आमच्यातल्या एकांना भरून आलं. संध्याकाळी साहेब, जे स्वतः दर रविवारी चर्चमध्ये वाचन करतात, म्हणाले की ते थांबतात कारण त्यांना वाटतं नाही थांबलो तर औषध मिळणार नाही. खूप शांतता झाली. मग वाद झाला, बराच झाला, तो इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून टेबल फार्मसीच्याही पुढे, गेटजवळच्या झाडाखाली. रांग नाहीशी झाली. दिवसात बारा-पंधरा जण आले असतील, मनाने. त्यातल्या एका आजींनी आमच्या पाळकसाहेबांचा हात धरून त्यांच्यासाठीच प्रार्थना केली, ते रडले.

पोहण्याचं विचारू नका. सहा जणांनी उड्या मारल्याच. आता डॉक्टरकडे फेऱ्या चालू आहेत.

आणि चिकटपट्टीताई, निघायच्या दिवशी मी स्टॉकची यादी करायला मदत करत होते तर साहेबांनी एक ड्रॉवर उघडला. नऊ ग्लुकोमीटर. सहा वेगवेगळ्या कंपन्यांचे. पट्टी एकाचीही नाही. आमच्या बॅगेत दहावा होता, पाळकसाहेबांच्या हस्ते द्यायचं ठरलं होतं. मी तो बाहेर काढलाच नाही.

चिकटपट्टी

नऊ! 😔 माझं कपाट बरं म्हणायचं.

निवांत_वैद्य

पोहणाऱ्यांना सांगा लगेच टेस्ट करून निगेटिव्ह आली म्हणून नाचू नका, पाण्यात गेल्यापासून सहा-आठ आठवडे तरी जाऊ देत. त्या बीपीवाल्या बाईंचं पुढे काही कळलं का?

सडेतोड_

टेबल हलवलंत हे वाचलं. बरं केलंत.

पानगळ

धन्यवाद सडेतोड.

वैद्यबुवा, साहेबांना विचारलं होतं, त्यांनी नाव न घेता एवढंच कळवलं की ऑगस्ट आणि सप्टेंबरला आल्या, बीपी १५० च्या आसपास उतरलं. ऑक्टोबरच्या तारखेला आल्या नाहीत. गावातल्या आरोग्य सहायकाला सांगितलंय, तो सायकलने जाऊन बघेल म्हणाले.

मेलमध्ये आणखी एक होतं. पुढच्या वर्षी काय हवं असं मी परस्पर विचारलं होतं. उत्तर आलं की दोन माणसं पाठवा, तो डेंटिस्ट महिनाभर राहू शकला तर त्याला आणि तिथल्या डेंटल थेरपिस्टला एकत्र काम करू दे, आणि ऑटोक्लेव्ह दुरुस्त करता येणारा कोणीतरी. झाकणाचं गॅस्केट गेलंय. बाकीच्यांना प्रेमपूर्वक नमस्कार.

इकडे पुढच्या वर्षीच्या यादीत बावीस नावं आलीत, कारण या वेळचे फोटो फार छान आले. रविवारी उपासनेनंतर मीटिंग आहे. मी तो मेल वाचून दाखवणारे आणि ड्रॉवरचा फोटो पण. पोटात गोळा आलाय खरं सांगायचं तर.

उगाचच

पॉपकॉर्न खाली ठेवलंय. जा आणि वाचा.

शंकासुर

गॅस्केटचा आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी मागवून घ्या, झाकणाच्या कडेचा जवळून फोटो, आणि ऑटोक्लेव्हच्या अंगावर पत्र्याची पाटी असेल तर तिच्यावरचा मॉडेल नंबर. सिलिकॉनचं लागेल, साधं रबर त्या तापमानाला टिकत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह शेवटचा कधी तपासला तेही विचारा, तो अडकला असेल तर गॅस्केट नवीन घालणं जास्त धोक्याचं. व्यनि (खाजगी निरोप) करा, दोन जादाची पाठवतो.